वरची जमीन, खालचं खनिज

१९६७ च्या जानेवारीत गोव्याच्या मतदारांनी दयानंद बांदोडकरांची सर्वांत मोठी राजकीय मागणी, गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याची, फेटाळली आणि तीन महिने होतात न होतात तोच त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत बसवलं. मागणी नको, माणूस हवा, असा हा कौल होता. राजकारणात असे कौल क्वचित मिळतात. त्यातही ज्याला तो मिळाला तो माणूस खाणमालक होता आणि मतं देणारे बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीत राबणारे होते.

सांगवी, पिंपळे गुरव, वाकडकडून शनिवार-रविवार गाठून गोव्याला जाणारी मंडळी पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर एकदा तरी थांबतात. तिथे भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आहे. ‘गोव्याचे पहिले मुख्यमंत्री’ एवढी ओळख पुष्कळांना असते. राजकारणात येण्याआधी, पोर्तुगीज अमलातच त्यांनी खाणींत पैसा मिळवला होता, ही ओळख मात्र मागे पडली आहे. खरं तर तिच्याशिवाय पुढचं राजकारण नीट कळत नाही.

बांदोडकरांचा जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. त्याच्या पाचच महिने आधी, ५ ऑक्टोबर १९१० रोजी लिस्बनमध्ये राजेशाही कोसळून प्रजासत्ताक आलं होतं. गोव्यातल्या हिंदूंना कायद्यापुढे समान हक्क मिळाले ते या बदलानंतर. सरकारी नोकरी, शिक्षण, स्वतःच्या संस्था, वर्तमानपत्रं असे अनेक दरवाजे त्या पिढीला पहिल्यांदा उघडे दिसले. पेडणे हा ‘नव्या काबिजादी’तला तालुका. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी हे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतलेले जुने मुलूख. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे आले. इथे धर्मांतराचा जोर ओसरला होता, मराठीचा वावर घट्ट होता आणि देवळं, जमीनदार, कुळं ही जुनी उतरंड जशीच्या तशी उभी होती.

या उतरंडीत बांदोडकरांचा जन्म वरच्या पायरीवर झाला नव्हता. ते गोमंतक मराठा समाजातले. देवळांच्या सेवेशी पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेलेल्या कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वतःला संघटित करून या नावाने समाज उभा केला. केसरबाई केरकर आणि मोगुबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका याच समाजाने दिल्या. राजाराम पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असं नाव दिलं, कारण समाजातल्या प्रत्येकाला हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतच होतं. ज्यांच्याकडे जमीन नाही, वतन नाही, देवळाच्या महाजनकीत ज्यांना जागा नाही, अशा घरातला मुलगा पुढे प्रदेशातला एक श्रीमंत माणूस झाला. हे कसं घडलं, याचं उत्तर पोर्तुगीज खाणकायद्यात सापडतं.

सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानानुसार जमिनीखालचं खनिज जमीनमालकाचं नव्हतं, ते सरकारचं होतं. खनिज कुणी शोधून काढलं आणि रीतसर नोंदवलं की त्याला ते काढण्याची सवलत मिळू शकत असे. गोव्यात तिला आजही ‘कन्सेशन’च म्हणतात. सवलतीला मुदत नसे. अटी पाळल्या, कर भरला की ती वारसांकडेही जाई. वरची जमीन भाटकाराची म्हणजे जमीनदाराची असो, कोमुनिदादीची म्हणजे गावसंस्थेची असो की देवस्थानची, खालच्या दगडावर हक्क सांगायला सातपिढ्यांची मालकी लागत नव्हती. हिंमत, धावपळ, थोडं भांडवल आणि कचेरीतल्या कागदांची जाण पुरे होती. जमिनीच्या बाजारात ज्यांना कुणी उभं केलं नसतं, त्यांना या कायद्याने खनिजाच्या बाजारात उभं राहू दिलं.

पहिली चार दशकं या बाजारात फारसं काही घडलं नाही. १९०५ च्या सुमाराला एका फ्रेंच कंपनीने डिचोलीत लोहखनिजासाठी हात घालून पाहिला, पण उद्योग असा उभा राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. जपानचे पोलाद कारखाने पुन्हा पेटू लागले आणि त्यांना खनिज हवं होतं. १९५० नंतर गोव्याच्या डोंगरांतला तांबडा-काळा दगड मुरगाव बंदरातून बोटी भरभरून जाऊ लागला. जपानबरोबर पश्चिम जर्मनी आणि इटलीही गिऱ्हाईक झाले. भारत सरकारने १९५० च्या दशकात गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा पोर्तुगीज प्रशासनाला तगवण्यात या निर्यातीचा मोठा वाटा होता. वर्षाला काही हजार टनांपासून सुरू झालेली निर्यात मुक्तीच्या सुमाराला साठ लाख टनांच्या घरात गेली होती.

आकडा मोठा असला तरी काम हातांचंच होतं. डोंगराची वरची जांभा दगडाची टोपी काढायची, खालचा दगड सुरुंगाने सैल करायचा, बायकांनी हातोडीने फोडायचा, पाटीत भरून डोक्यावरून वाहायचा, चाळायचा. तिथून आधी बैलगाडी आणि पुढे ट्रक. ट्रक नदीकाठच्या धक्क्यावर रिकामा झाला की खनिज बार्जमध्ये चढे, मांडवी किंवा जुवारीतून खाली उतरे आणि मुरगावला समुद्रातल्या बोटीत जाई. पावसाळ्यात मांडवीचं मुख बार्जना बंद, त्यामुळे हंगाम ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा. गावच्या शेतकऱ्याला हे वेळापत्रक सोयीचं पडलं: पावसात भात लावायचं, दसऱ्यानंतर खाणीवर जायचं. रोजगार रोख मिळे. भाटकाराकडे राबणाऱ्या माणसाच्या हातात नाणी पडण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. खाणमालक कठोर असला तरी तो रोख पैसे मोजत होता, हे मजुराच्या लक्षात राहिलं.

चौगुले, साळगावकर, धेंपे, तिंबलो ही या धंद्यातली मोठी नावं. खाणीच्या पैशातूनच पुढे गोव्याचं सार्वजनिक जीवन उभं राहिलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. १९६२ मध्ये चौगुल्यांनी ‘गोमन्तक’ दैनिक सुरू केलं, त्याच वर्षी मडगावात त्यांच्या नावाचं महाविद्यालय निघालं आणि पणजीत धेंपे महाविद्यालय. पुढच्या वर्षी धेंपे घराण्याने ‘नवहिंद टाइम्स’ काढला. साळगावकरांचा फुटबॉल संघ तर १९५६ पासूनचा. या मंडळींनी वर्तमानपत्रं, कॉलेजं, क्लब काढले. बांदोडकरांनीही दानधर्म केला, शिक्षणाला, देवळांना, खेळाला हात सैल सोडून पैसे दिले. पण ते शेवटी निवडणुकीच्या मैदानात उतरले. त्यांच्यात आणि इतरांत हा मोठा फरक.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९६३ रोजी, पहिली विधानसभा निवडणूक झाली. दिल्लीत नेहरू होते, मुक्ती त्यांच्या सरकारने घडवली होती, आणि गोव्यातल्या काँग्रेसकडे पुरुषोत्तम काकोडकरांसारखे तुरुंग भोगलेले नेते होते. निकाल लागला तेव्हा गोव्याच्या २८ जागांपैकी काँग्रेसला एकही नव्हती. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजे ‘मगो’ने, मित्रांसह १६ जागा घेतल्या आणि डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सने १२. मगोचं चिन्ह होतं सिंह. खेड्यातल्या माणसाने सिंहावर शिक्का मारला तो महाराष्ट्राच्या प्रेमाने की भाटकारावरच्या रागाने, याचा हिशोब तेव्हा कुणी फारसा केला नाही. तीन वर्षांनी तो करावा लागला.

बांदोडकर स्वतः त्या निवडणुकीत उभेच नव्हते. पक्षाने त्यांना नेता निवडलं, २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी शपथ घेतली आणि मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते नंतर आमदार झाले. मंत्रिमंडळ तिघांचं: स्वतः भाऊसाहेब, विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस. पणजीच्या मांडवीकाठच्या जुन्या आदिलशाही वाड्यात, जिथून पोर्तुगीज गव्हर्नरांनी कारभार केला होता, तिथे एकही दिवस आमदारकीचा अनुभव नसलेला माणूस मुख्यमंत्री म्हणून येऊन बसला.

खाणीतून सत्तेत गेलेल्यांची जगातली सर्वांत गाजलेली गोष्ट सेसिल ऱ्होड्सची. किंबर्लीच्या हिऱ्यांवर त्याने १८८८ मध्ये डी बीअर्स कंपनी उभी केली आणि दोनच वर्षांनी तो केप वसाहतीचा पंतप्रधान झाला. सत्ता हातात येताच त्याने १८९२ मध्ये मतदानासाठी लागणाऱ्या मालमत्तेची अट तिप्पट केली, म्हणजे काळ्या शेतकऱ्यांची नावं मतदार यादीतून आपोआप गळाली. १८९४ च्या ग्लेन ग्रे कायद्याने त्यांच्या जमिनीवर मर्यादा आणली आणि मजुरीला न जाणाऱ्यावर कर बसवला. खाणीला माणसं हवी होती, ती जमीन आवळून मिळवली. ऱ्होड्सच्या बाबतीत धंदा आणि कायदा एकाच दिशेने चालत होते.

पणजीत बसलेल्या खाणमालकाने पहिला मोठा कायदा केला तो कुळांसाठी.

सांगवीकरांना हा विषय समजावून सांगायला नको. इथल्या जुन्या सातबाऱ्यावर ‘कुळाचे नाव’ हा रकाना होता. १९४८ च्या मुंबई कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने इथली कुळं मालक झाली. आजही सांगवी-नवी सांगवीत जुन्या जमिनीवर सोसायटी बांधायची म्हटली की वकील आधी ‘बत्तीस ग’ची किंमत भरली का, ‘बत्तीस म’चं प्रमाणपत्र आहे का, कलम ४३ चा शेरा आहे का, हे विचारतो. गोव्यात मात्र १९६१ पर्यंत यातलं काहीच नव्हतं. कूळ किती वर्षं कसतंय याला कागद नव्हता. घर भाटकाराच्या जमिनीत बांधलेला मुंडकार तर त्याच्या मर्जीवर राही. भाटकाराच्या घरी कार्य निघालं की फुकट राबायचं, त्याचे नारळ उतरवायचे, त्याचा निरोप घेऊन चालत जायचं. नाही म्हटलं तर झोपडी उठवायला वेळ लागत नसे.

१९६४ च्या गोवा, दमण व दीव कृषी कूळ कायद्याने कुळाला जमिनीवरून मनमानी काढता येणार नाही असं ठरवलं आणि खंडाला पिकाच्या सहाव्या हिश्शाची मर्यादा घातली. कायदा अर्धवट होता: संरक्षण मिळालं, मालकी नाही. पण ज्याने आयुष्यभर अर्धं भात मोजून दिलं होतं, त्याला हा अर्धवटपणा जाणवायला फुरसत नव्हती. जोडीला गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पोर्तुगीज काळात गरीब हिंदू घरातल्या मुलाला शाळा म्हणजे कुणातरी सावकाराच्या ओसरीवरचे गुरुजी. आता शाळा वाड्यावर आली. आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी गोवेकर शिक्षकांचं, कारकुनांचं, डॉक्टरांचं पहिलं अक्षर या शाळांतलं आहे.

कुळांच्या बाजूने उभं राहणं बांदोडकरांना धंद्याच्या दृष्टीने महागात पडणार नव्हतं, हेही सांगायला हवं. त्यांची संपत्ती भाताच्या खंडावर उभी नव्हती. भाटकारशाही मोडली तर त्यांचं स्वतःचं काही जात नव्हतं. याचा अर्थ त्यांची कळकळ खोटी होती असा मुळीच नाही. जन्माने आलेला अपमान त्यांनी जवळून पाहिला होता आणि खेड्यातल्या माणसाला ते आपल्यातले वाटत ते उगाच नव्हे. पण हाती सत्ता असलेल्या माणसाची कळकळ कुठवर गेली आणि कुठे थांबली, हेही पाहावं लागतं.

ती विलिनीकरणापाशी अडली. मगोचं नावच ‘महाराष्ट्रवादी’. गोवा महाराष्ट्रात जावा, हा पक्षाचा पाया. विधानसभेत बहुमत होतं, १९६५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेनेही तसा ठराव केला होता, मुंबईतून जोर होता. विरोधकांचा मुद्दा साधा होता: आमदारांच्या बहुमतावर एवढा निर्णय नको, लोकांना थेट विचारा. जॅक सिक्वेरांनी हा आग्रह लावून धरला. काँग्रेसमधून पुरुषोत्तम काकोडकरांनी दिल्लीत वजन खर्ची घातलं. अखेर संसदेने डिसेंबर १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकरांनी राजीनामा दिला आणि ३ डिसेंबर १९६६ पासून राष्ट्रपती राजवट आली. आपल्याच मागणीवरच्या मतदानासाठी मुख्यमंत्रिपद सोडणारे नेते फार नाहीत, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरायलाच हवी.

मतपत्रिकेवर दोनच चिन्हं होती. फूल म्हणजे विलिनीकरण, दोन पानं म्हणजे गोवा वेगळा. मतदानापर्यंत गोव्यात भिंती, झाडं, बैलांच्या पाठी, सगळीकडे फुलं आणि पानं. मडगावच्या ‘राष्ट्रमत’मधून उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ सदरात रोज विलिनीकरणावर तुटून पडत. उल्हास बुयांव गावोगाव कोंकणी गाणी गात फिरत. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

त्या वेळी गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांहून कमी होती. म्हणजे केवळ चर्चच्या सांगण्यावरून हा निकाल लागला, ही जी समजूत मुंबई-पुण्यात बरीच वर्षं होती, ती आकड्यांत बसत नाही. मगोला मत दिलेल्या हिंदूंपैकी काहींनी पानांवर शिक्का मारला होता. का? एक तर प्रतिनियुक्तीवर महाराष्ट्रातून आलेल्या अधिकाऱ्यांचा तोरा लोकांनी तीन वर्षं पाहिला होता. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेराला पोटाची चिंता होती. आणि मुंबईच्या सचिवालयात एका कोपऱ्यातल्या जिल्ह्याचं काय ऐकलं जाईल, हा प्रश्न शेजारच्या रत्नागिरीची अवस्था पाहणाऱ्याला पडणारच. कुळाला कायदा हवा होता, शाळा हवी होती, भाऊ हवे होते. त्यासाठी गोवा मुंबईला जोडलाच पाहिजे, हे त्याला पटलं नाही.

मार्चच्या शेवटी निवडणूक झाली. मगो १६, युनायटेड गोवन्स १२. १९६३ चाच हिशोब पुन्हा लागला आणि एप्रिलमध्ये भाऊसाहेब परत शपथ घेत होते. विलिनीकरणाचा विषय हळूहळू मागे पडत गेला. बांदोडकरांनी ही हार ज्या तऱ्हेने पचवली, त्यात त्यांच्यातला धंदेवाला दिसतो. एक सौदा फिसकटला म्हणून त्यांनी दुकान बंद केलं नाही. दुसऱ्या कारकिर्दीत अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं, १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली आणि फुटबॉलचा बांदोडकर सुवर्णचषक सुरू झाला. शिकार, मासेमारी, क्रिकेट हे त्यांचे शौक सगळ्यांना ठाऊक. कारभार मात्र एकहाती. फाइलपेक्षा माणसाच्या तोंडाकडे पाहून निर्णय देण्याची त्यांची पद्धत गरजूला आवडे, आमदारांना खुपे. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातल्या आमदारांनी बंड केलं. सरकार कसंबसं टिकलं. १९७२ ला लोकांनी पुन्हा निवडून दिलं, तेही आधीपेक्षा जास्त जागांनी, १८.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी, मुख्यमंत्री असतानाच, त्यांचं निधन झालं. वय ६२. मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. वडिलांचा अर्धा राहिलेला कायदा त्यांनी पुरा केला. १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. भाटकार कोर्टात गेले, वर्षानुवर्षं खटले चालले. पण वरच्या जमिनीचा निकाल लागला तो लागलाच.

खालच्या खनिजाला मात्र बाप-लेकीच्या पंधरा वर्षांच्या राजवटीत हात लागला नाही. खाणकायदा केंद्राचा, हे खरं. तरीही डोंगराखाली काय चाललंय, धुतलेल्या खनिजाचा गाळ कुणाच्या शेतात उतरतोय, हे प्रश्न मगोच्या राजकारणाच्या मध्यभागी कधी आले नाहीत. ज्या कुळाचा खंड सहाव्या हिश्शावर आला, त्याच्याच भातखाचरात पावसाळ्यात तांबडा चिखल साचायचा.

शशिकलाताईंचं सरकार १९७९ मध्ये पडलं. पुढच्या वर्षी मुख्यमंत्री झालेले प्रतापसिंह राणे सत्तरीच्या जमीनदार घराण्यातले. १९७२ मध्ये बांदोडकरांनीच त्यांना मगोत आणलं होतं. १९८७ साली भाषा, राज्य आणि खाण हे भाऊसाहेबांशी जोडलेले तिन्ही विषय एकाच वर्षात कायद्यात आले. फेब्रुवारीत कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात जागा राहिली. ३० मे रोजी गोवा वेगळं राज्य झालं. त्याच मे महिन्यात संसदेने पोर्तुगीज सवलती रद्द करून त्यांचं मुदतीच्या खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा केला, तोही मागे जाऊन, २० डिसेंबर १९६१ पासून लागू. खाणमालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. त्या पट्ट्यांची फाइल बंद झाली नाही. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं.